शाईबाहेर राहिलेला चेहरा

१

रोझरीची प्रार्थना संपली, उकडलेल्या चण्यांच्या प्लेट्स फिरू लागल्या, आणि नायजेल अंकलने पुढच्या दाराला आतून कडी घातली.

"माझी गाडीची चावी हरवलीय," ते म्हणाले. "कुणी वाईट वाटून घेऊ नका, पण सगळ्यांनी आपापल्या बॅगा एकदा उघडून दाखवा. चुकून गेली असेल कुणाच्या तरी बॅगेत."

तान्याने त्यांच्याकडे पाहिलं. चावी त्यांच्याच पँटच्या खिशातून अर्धी बाहेर लोंबत होती.

ऑक्टोबरचा महिना. बहारीनमधल्या वसईकर ख्रिस्ती मंडळींची मातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरी जात होती. आज जनाबियाला नायजेल अंकलच्या व्हिलात, उद्या बुसैतीनला तान्याच्या घरी. देवाधर्माच्या घरात झडती म्हटल्यावर थोडी कुरकुर झाली, पण नायजेल अंकल हॉटेलात बँक्वेट मॅनेजर; माणसांना ओळीत उभं करण्यात त्यांची हयात गेलेली. पर्सा उघडल्या. शर्ली आंटीच्या पर्समधून तीन वेगवेगळ्या हॉटेलांचे साबण निघाले आणि ते कुणालाच दिसले नाहीत.

तान्याच्या कडेवर सात महिन्यांची एलिशा होती, खांद्याला डायपरची बॅग. अंकलने तीही तपासली. आणि तेव्हा तान्याच्या लक्षात आलं. ती स्वतः दुसऱ्या एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर, सध्या मॅटर्निटी लीव्हवर. पाहुण्यांच्या हरवलेल्या वस्तूंचं टेबल तिच्याच ताब्यात असायचं. चावी शोधणारा माणूस बॅग हलवून आवाज ऐकतो. अंकल प्रत्येक बॅगेच्या तळाशी हात सपाट फिरवत होते.

हरवलेली वस्तू सपाट होती. आणि तिचं नाव घ्यायची अंकलची छाती नव्हती.

काहीच सापडलं नाही. "बाथरूममध्ये असेल," असं काहीतरी पुटपुटत अंकलने कडी काढली.

मग मूर्तीची पाठवणी. शॉनने, तान्याच्या नवऱ्याने, आतल्या खोलीतून लाकडी पेटी आणली. मूर्ती पेटीत निजवायचा मान जमलेल्यांतल्या सगळ्यात मोठ्या बाईचा, म्हणजे तान्याच्या सासूचा. अँजेलिना मम्मीने मूर्तीच्या पायांना हात लावला, तिला पेटीत ठेवलं, झाकण लावलं. गाणं म्हणत सगळे गाडीपर्यंत आले. शॉनने पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, नवजात बाळ धरावं तशी.

गाडीत एसी लागला तशी मम्मीने हातातली निळी शाल एलिशाच्या अंगावर टाकली. "मातेची आहे. लागू दे पोरीला."

सकाळी नायजेल अंकलचा फोन आला.

"तान्या, चोर माझ्याच घरात निघाला. रविवारी ऑफिस उघडलं की मी लक्ष्मीचा व्हिसा कॅन्सल करतोय."

२

लक्ष्मी नायजेल अंकलच्या व्हिसावर होती, त्यांचा स्वयंपाक-झाडलोट करायची, आणि अंकलच्याच परवानगीने दुपारी बुसैतीनला येऊन एलिशाला तेल लावायची. बाळंतपणानंतर तान्या रात्रंदिवस रडत होती तेव्हा तिच्या केसांतही लक्ष्मीनेच तेल जिरवलं होतं, काही एक न विचारता. राजापूरकडची, नवऱ्यामागे दोन मुलं एकटीने शिकवणारी. तिला परत पाठवणं म्हणजे दोन शाळा बंद करणं.

शुक्रवार होता, शॉन घरी होता. "जाऊ नकोस," तो म्हणाला. "अंकलकडे काय असतं ते सगळ्यांना माहितीय. गेलं ते बरंच झालं."

"आणि लक्ष्मीताई गेली तर?"

तान्याने बाळाला गाडीच्या सीटमध्ये अडकवलं आणि निघाली.

नायजेल अंकलने तिला आतल्या खोलीत नेलं आणि खालमानेने लोखंडी कपाट उघडलं. साठ-सत्तरच्या दशकातली ब्रिटिश मासिकं, हाताच्या पंजाएवढी काही, काही मोठी, प्रत्येक स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत. अर्ध्यामुर्ध्या कपड्यांतल्या, कधी तेवढ्याही नसलेल्या बायांची.

"माझा पहिला बॉस इंग्रज होता. जाताना ट्रंक इथेच टाकून गेला," अंकल म्हणाले. "मी फेकणारच होतो. मग एक फोटो बघितला. काय लाइट लावलाय, तान्या! लोकांनी वाचलं, लपवलं, फाडलं. जपलं कुणीच नाही. मी जपतो. तुला घाण वाटत असेल."

तान्याने पानं चाळली. अंगावर पाजत्या बाईला बाईच्या अंगाचं काय नवल? "कुठलं गेलं ते सांगा."

"'टेम्स नाइट्स'. बाहत्तरचा अंक. सगळ्यात दुर्मीळ. काल दुपारी फ्रेमवाला विनीत बघायला आला होता म्हणून तीन अंक या टेबलावर काढले होते. लोक लवकर यायला लागले, कपाटाची चावी घाईत मिळेना, म्हणून वरून टेबलक्लॉथ घातला. रोझरीनंतर बघतो तर मधला अंक गायब. रिकामी पिशवी तेवढी राहिली."

"पोलिसांत...?"

"चोराच्या आधी मलाच आत बसवतील!"

टेबल बघून तान्याने विचारलं, "उरलेल्या दोन अंकांत आणि त्याच्यात फरक काय?"

"फरक?" अंकलच्या आवाजात संग्राहकाचा उमाळा आला. "त्या अंकात जिथे जिथे उघडं अंग होतं तिथे कुणीतरी काळी शाई फासलीय. कस्टमवाल्याने की कुण्या साहेबाच्या बायकोने, देव जाणे. फक्त चेहरे ठेवलेत. तसा दुसरा अंक मी बघितला नाही."

"आणि लक्ष्मीताईवर संशय का?"

अंकलने बोटांवर कारणं मोजली. ती म्हणाली होती, असली पुस्तकं चुलीत घालावीत. रोझरी चालू असताना ती एकटीच मागे होती. कचरा घेऊन कंपाउंडबाहेर गेली होती. "आणि हे बघ, पुरावा." त्यांनी टेबलक्लॉथ पुढे केला. एका कोपऱ्याला वाळलेला डाग होता. "काल ओला होता. भांडी घासता घासता आलेली. ओल्या हाताने उचललंन!"

किचनमधून लक्ष्मीचा आवाज आला. "तोंडावर बोला ना, साहेब!" ती दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पण मान ताठ. "ताई, पाच वर्षं ती पुस्तकं मीच पुसते. चुलीत घालायची असती तर कधीच घातली असती. बोलले ते बोलले. बोलणं म्हणजे चोरी?"

"लक्ष्मी, तू आत जा."

"जाते. रविवारी तर देशातूनच जाते."

तान्याने टेबलक्लॉथ हातात घेतला. डाग बघितला, मग नाकाशी नेला. साबणाचा वास नव्हता. खरकट्याचाही नाही. आंबूस, किंचित गोडसर. हा वास गेले सात महिने तिच्या प्रत्येक कुर्त्याच्या उजव्या खांद्याला येत होता.

३

विनीतचं सनद भागात फ्रेमचं दुकान होतं. कोल्हापूरचा, भल्या दंडाचा, बोलायला मोकळा. तान्याला बघून त्याने आधी एलिशासाठी पंखा कमी केला, मग स्वतःच सुरुवात केली. "वहिनी, मला तो अंक पाहिजे होता. नायजेलकडे दोन वर्षं मागतोय. लपवत नाही. पण रोझरीच्या दिवशी त्यांच्या घरात चोरी? आमच्या आईने मला घरात घेतलं नसतं."

"रोझरी चालू असताना तुम्ही कुठे होता?"

"हॉलमध्ये, मागच्या खुर्चीवर. मला येत नाही ते म्हणायला, पण चणे मिळेपर्यंत हलत नाही मी." तो हसला. "झडतीत माझी लॅपटॉपची बॅग दोनदा उलटी केली त्यांनी."

तान्याने पर्समधून अंकलकडून आणलेली रिकामी प्लास्टिकची पिशवी काढली. "चोराने हे मागे ठेवलं."

विनीतचं हसू मावळलं. "पिशवी ठेवून नुसतं पुस्तक नेलं? या हवेत?" त्याला खरंच लागलं होतं. "वहिनी, इथे दमट दिवसात पिना गंजतात, कागद चिकटतो. मी चोरलं असतं तर आधी पिशवी बघितली असती. हे कुणा अडाण्याचं काम आहे."

"अडाण्याचं नाही," तान्या हळूच म्हणाली. "जपून ठेवायला नेलेलंच नाही. बघायला नेलंय."

हॉटेलात ती नव्या मुलींना एकच गोष्ट शिकवायची: गेलं काय ते पाहुणा सांगेलच, तुम्ही राहिलं काय ते बघा. इथे राहिले होते दोन अंक, एकही पान न झाकलेले. ज्याला लाज वाटली, राग आला, त्याने ते उचलले असते. ज्याला चाळवायचं होतं त्यानेही तेच. चोराने नेला तो अंक ज्यात बघण्यासारखं सगळं शाईने पुसलेलं होतं. चेहरे सोडून.

"त्या अंकाचे फोटो आहेत तुमच्याकडे?"

विनीत अवघडला. "आहेत. म्हणजे... पानांची अवस्था बघायला काढतो आम्ही. वहिनी, तुम्हाला चालेल?"

"दाखवा हो."

त्याने मोबाइल पुढे केला. पहिल्या चार पानांवर गोऱ्या, सोनेरी केसांच्या मुली. पाचव्या पानावर तान्याचं बोट थांबलं. खांद्यापासून खाली काळा गोळा. वर एक सावळी मुलगी, विशी ओलांडलेली, ओले केस मागे सारलेले. खाली छापलं होतं, रोझिता, स्पेनची. बाकीच्या मुली कॅमेऱ्याला गोड हसत होत्या. ही हसत नव्हती. हनुवटी वर, डावी भुवई किंचित उचललेली, जणू विचारतेय: मग? काय म्हणणं आहे?

विनीतने एलिशापुढे पाण्याची बाटली धरली होती. एलिशाला नको होती. तिने तोंड फिरवलं, हनुवटी वर केली आणि डावी भुवई उचलली.

तान्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा मोबाइलकडे.

४

घरी आली तेव्हा मातेची मूर्ती हॉलमधल्या टेबलावर फुलांत उभी होती आणि शॉन खुर्च्या मांडत होता. रिकामी पेटी बेडरूममध्ये कपाटाशेजारी ठेवलेली. तान्याने दार लोटून घेतलं.

पेटीला आतून मूर्तीच्या मापाची खोबण होती. तिने निळी शाल, नेहमी मूर्तीखाली असते तशी, घडी करून तळाशी घातली. बरोब्बर बसली. मग एलिशाची लसीकरणाची जाडसर फाइल शालीखाली सरकवली. आता शाल वर आली. मूर्ती ठेवली असती तर झाकण लागलंच नसतं.

म्हणून काल शाल पेटीबाहेर राहिली. म्हणून ती एलिशाच्या अंगावर आली.

सगळ्यांच्या बॅगा उघडल्या गेल्या होत्या. ही पेटी कुणी उघडायला सांगितली नसती, साक्षात बिशपनेही नाही. रोझरी चालू होती तेव्हा ती आतल्याच खोलीत पडलेली. प्रत्येक घराने जपमाळेचं दहा मण्यांचं एकेक दशक म्हणायचं असतं. बुसैतीनकरांची पाळी आली तेव्हा तान्याने एलिशाला मम्मीकडे दिलं आणि स्वतः म्हणायला बसली. "मी हिला पॅसेजमध्ये फिरवते," मम्मी म्हणाली होती. पॅसेजमध्ये टेबलक्लॉथ नव्हता.

शॉन आत आला. "काय करतेस? ती पवित्र पेटी आहे!"

"पेटी तूच आणलीस ना काल आतून? जड लागली?"

"मला विचारतेस?" त्याचा चेहरा लाल झाला. "मी ते असलं घाणेरडं... तान्या, मला सापडलं असतं तर मी फाडून टाकलं असतं."

"माहितीय," ती म्हणाली. "म्हणूनच तू नाहीस. जा, खुर्च्या मांड."

मम्मी तिच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. तान्याने एलिशाला तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर जमिनीवरच बसली.

"मम्मी, हिने काल ओकारी काढली?"

म्हातारीने नातीच्या जावळावरून हात फिरवला. "काढली थोडी."

"मग हाताला आलं ते कापड ओढलंत."

"तुझा रुमाल मिळेना." तिने एलिशाचं तोंड पुसलं. मग मम्मी म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"तुमच्या नातीने सांगितलं."

तान्याने रस्त्यात सगळं ठरवून ठेवलं होतं. अंक घेऊन जाईन, अंकलच्या सोफ्यामागे पडलेला सापडला म्हणेन, कुणाला काही कळणार नाही. तिने ते सांगितलं. मम्मी नुसती बाळाच्या बोटांशी खेळत राहिली. मान हलवली, म्हणजे चालेल.

"बरं. कारण रविवारी अंकल लक्ष्मीताईचा व्हिसा कॅन्सल करतायत."

मम्मीचा हात थांबला. "लक्ष्मीचा? तिचा काय संबंध?"

"तिने चोरलं म्हणतात."

अँजेलिना उठली. गुडघे दुखत असतानाही, नातीला घेऊन, एका झटक्यात. "सोफ्याबिफ्यामागे काही सापडणार नाही. नायजेलला बोलाव. लक्ष्मीला घेऊन ये म्हणावं. रोझरीच्या आधी."

"मम्मी, शॉन घरात आहे."

"असू दे की. त्याच्यासमोरच."

५

नायजेल अंकल आले, मागे लक्ष्मी. ती उंबऱ्याशीच उभी राहिली. मम्मीने तिला हाताला धरून आपल्या शेजारी सोफ्यावर बसवलं, उशीखालून अंक काढला आणि टेबलावर ठेवला. शॉनने पुढे होऊन त्याच्यावर पेपर टाकला. मम्मीने पेपर उचलून त्याच्या हातात परत दिला.

"मी घेतला," ती म्हणाली. "लक्ष्मीने नाही. पान उघड, नायजेल. तुला पाठ असेल."

अंकलने उघडलं. पानाकडे बघितलं, मग तिच्याकडे. परत पानाकडे. "जीझस," म्हणत ते खुर्चीत बसले. "रोझिता."

"वसईची मुलगी त्यांना कुठून ठाऊक असणार? केली स्पेनची."

शॉन आईसमोर आला. "मम्मी, तुला कुणीतरी फसवलं. जबरदस्ती..."

"कोण फसवणार मला? लंडनला नर्स होते, बाळा. दिवसभर दुसऱ्यांची अंगं पुसायची, धुवायची, झाकायची. स्वतःच्या अंगाकडे बघायला आरसासुद्धा नव्हता खोलीत, अर्धा फुटलेला एक सोडला तर. एकाने विचारलं, फोटो काढू का? मला बघायचं होतं मी कशी दिसते. गेले. स्वतःच्या पायांनी गेले, बसचं तिकीट काढून."

"लोकांना कळलं तर..."

"ऐक आधी. अंक आला. दुकानात काउंटरवर म्हातारा इंग्रज बसलेला. चार वेळा दारापर्यंत गेले, मागायची हिंमत झाली नाही. पाचव्या वेळी गेले तर संपलेला. म्हणजे साऱ्या लंडनने मला बघितलं, आणि मी नाही." ती नायजेलकडे वळली. "पन्नास वर्षांनी पोरीची ओकारी पुसायला तुझ्या टेबलाचं कापड ओढते, तर समोर तोच अंक; उघडते, तर मी. शाई फासलीय कुणीतरी. फासू दे. अंग मला माहीत होतंच, रोज धुते. चेहरा विसरले होते."

खोलीत फक्त एलिशा बोलत होती, तिच्या भाषेत.

"डॅडींना माहीत होतं?" शॉनने कसंबसं विचारलं.

"लग्नाआधीच सांगितलं. तुझा बाप काय म्हणाला ठाऊक आहे? 'एक कॉपी तरी ठेवायचीस ना गो!'"

लक्ष्मीला हसू फुटलं. तिने तोंडावर ओढणी धरली, पण उशीर झाला होता; तान्याही हसली, आणि शेवटी नायजेल अंकलही, डोळे पुसत.

शॉन मात्र मूर्तीकडे बघत होता. "मातेच्या पेटीत ठेवलंस, मम्मी. तिच्या पाठीखाली."

"तीही बाईच आहे. विचारून ठेवलं." अँजेलिनाने हनुवटी वर केली. "तुला वाटेल त्या फादरला विचार. मी स्वतः सांगेन त्यांना, तू लाजत असशील तर. पण शॉन, मी पुस्तक उचललं ते माझंच होतं. या लक्ष्मीचं नाव गेलं, ते तिचं होतं. चोरी झाली असेल तर ती झाली. आणि आज सकाळी तू काय म्हणालास? गेलं ते बरं झालं."

नायजेल अंकल उठले. हॉटेलातले सगळे गोड शब्द त्यांना आयत्या वेळी सोडून गेले होते. "लक्ष्मी, चुकलो. चूक माझी. व्हिसाचं विसर. उद्यापासून नेहमीसारखी ये."

"नाय येणार, साहेब."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "ज्या घरात मला चोर म्हटलं तिथे मी परत भाकरी थापणार नाय. तुमची ती पुस्तकं पाच वर्षं पुसली, मी एकदा तरी कुणाला सांगितलं का, साहेब काय जमवतात? तुम्ही मला एका डागावर घालवायला निघालात. मला रिलीज द्या, तुमच्या व्हिसावरून मोकळं करा. दुसरीकडे बघते. नाय मिळालं तर गावाला जाते, पण चोर म्हणून नाय. मी जाते म्हणून जाते."

"लक्ष्मीताई," तान्या म्हणाली, "दुसरीकडे कशाला? माझी लीव्ह संपतेय. एलिशाला कोण बघणार?" मग ती नवऱ्याकडे वळली. त्याला आता बाहेर पळायला जागा नव्हती, आणि तिने ती देऊही केली नाही. "शॉन, व्हिसा तुझ्या नावावर लागेल. बोल."

शॉनने आईकडे पाहिलं. टेबलावरच्या उघड्या पानाकडे पाहायचं टाळता टाळता शेवटी पाहिलंच. बराच वेळ पाहिलं. रोझिताने त्याच्याकडे तसंच रोखून पाहिलं, जसं लहानपणी दप्तर फेकल्यावर कुणीतरी त्याच्याकडे पाहायचं.

"रविवारी तुझं सीपीआर ओळखपत्र घेऊन माझ्याबरोबर चल," तो लक्ष्मीला म्हणाला. आणि थांबून, "अंकल, रिलीजवर सही उद्याच द्या."

"आत्ता देतो," नायजेल अंकल म्हणाले. "आणि आंटी, तो अंक..."

"तो मी देणार नाही."

"मागतच नाहीये. पिशवीत ठेवा म्हणतोय. पिना गंजतील."

खाली गाड्यांची दारं वाजायला लागली होती. जिन्यात शर्ली आंटीचा आवाज चढला, मागोमाग पोरांचा गोंगाट. शॉन दचकून टेबलाकडे धावला, पण मम्मीने अंक आधीच उचलून मांडीवर घेतला होता आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसली होती. "येऊ दे त्यांना," ती म्हणाली.

बेल वाजली.

लक्ष्मीने ओढणी सारखी केली, डोळे कोरडे केले, आणि कुणी सांगायची वाट न बघता स्वतःच्या घराचं उघडावं तसं दार सताड उघडलं.